वकिलीच्या नोकरीची मुलाखत: ‘एखादा प्रसंग सांगा’ या प्रश्नांची तयारी कशी करायची

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वरिष्ठ वकिलांकडे काही काळ काढलेली मुलं-मुली कंपनीच्या लीगल विभागात किंवा लॉ फर्ममध्ये मुलाखतीला निघतात, तेव्हा बेअर अ‍ॅक्ट (कायद्यांचा नुसता मूळ मजकूर) पुन्हा वाचून काढतात. करार कायद्याची कलमं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांचे बदललेले क्रमांक, सगळं तोंडपाठ असतं. आत गेल्यावर कलमाचं नावही निघत नाही. समोरून विचारतात, ‘टेल अस अबाउट अ टाइम व्हेन यू हॅड टू मॅनेज कॉन्फ्लिक्टिंग डेडलाइन्स.’ मग उमेदवार गडबडतो आणि ‘आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग पर्सन’ असं काहीतरी बोलून मोकळा होतो.

मी कोर्टातून कंपनीत आले ती अशाच मुलाखती देऊन. आता आमच्या विभागात भरती असली की मी टेबलाच्या पलीकडे बसते. चांगलं काम केलेली मुलं केवळ ते सांगता न आल्यामुळे मागे पडतात, हे पाहवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

या पद्धतीला कॉम्पिटन्सी-बेस्ड मुलाखत म्हणतात. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांनी 1973 मध्ये असं मांडलं की नोकरीसाठी माणूस निवडताना बुद्धिमापन चाचणीपेक्षा त्या कामाला लागणारी क्षमता तपासावी. पुढे त्याच विचारातून मुलाखतीची ही रीत रुळली. तुम्ही काय कराल यापेक्षा तुम्ही काय केलंत, हे विचारायचं. खराडी, हिंजवडी, मगरपट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांत बहुधा छापील तक्ता असतो. प्रत्येक गुणापुढे रकाना, आणि तुमच्या उत्तरात पुरावा सापडला तरच त्या रकान्यात गुण पडतात.

पुरावा हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपण वकील आहोत. ऐकीव पुरावा कोर्ट सहसा घेत नाही हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मुलाखतीतलं उत्तर म्हणजे तुमची स्वतःची साक्ष आहे असं समजा: आधी सरतपास (आपल्या बाजूनं विचारलेले प्रश्न), मग उलटतपास (विरुद्ध बाजूनं खणून विचारलेले). पुढची सगळी तयारी त्याच अंगानं करायची आहे.

1. जाहिरातीतून गुण वेगळे काढा

जाहिरात छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. ‘अटेन्शन टू डिटेल’, ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’, ‘अ‍ॅबिलिटी टू वर्क अंडर प्रेशर’ असे शब्द अधोरेखित करा. बहुतेक जाहिरातींतून पाच-सहा गुण निघतात. प्रश्न त्यांवरच येतात. काही जाहिरातींत एवढंही नसतं, नुसतं ‘एलएलबी विथ गुड ड्राफ्टिंग’ असतं. तेव्हा बारकाई, मुदती सांभाळणं, अशिलाशी बोलणं, सहकाऱ्यांशी जुळवून घेणं आणि सचोटी हे पाच धरून चला.

2. प्रसंगांची वही करा

‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही,’ हे वाक्य मी नव्या मुलांकडून सारखं ऐकते. ते खरं नसतं. शोधायचं कुठे हे माहीत नसतं, इतकंच.

पहिली जागा म्हणजे शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल जर्नल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे तुम्ही मूट कोर्ट (सरावासाठीचे काल्पनिक खटले) केलेली असतात, खटल्यांचं कामकाज बसून पाहिलेलं असतं, वकिलाच्या ऑफिसात अशिलाची मुलाखत कशी घेतात ते पाहून लिहिलेलं असतं. इंटर्नशिपही झालेली असते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 20. ते जर्नल माळ्यावरून काढा. विसरलेले प्रसंग त्यात सापडतील. एक लक्षात ठेवा, तुम्ही फक्त पाहिलेली गोष्ट तुमचा पुरावा होत नाही. ती पाहून तुम्ही पुढे काही केलं असेल, तर होते.

दुसरी जागा म्हणजे लीगल एड आणि लोकअदालत. आयएलएसला असा, भारती विद्यापीठाला असा की मॉडर्नला, शिबिरात टेबल मांडून बसला असाल तर रागावलेल्या, घाबरलेल्या माणसाशी बोलायचा अनुभव तुमच्याकडे आहे. मुलाखत घेणाऱ्याला तोच हवा असतो.

तिसरी जागा कोर्टातली रोजची कामं. नकलेचा अर्ज, तारखांची डायरी, एकाच वेळी दोन कोर्टांत पुकारा, कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) मुदत, कोर्टाच्या ऑफिसात नाझरकडे चकरा. ज्युनिअरना ही कामं हलकी वाटतात आणि ती बायोडाटात येत नाहीत. माझं मत उलट आहे. मुदत पाळली गेली, नाहीतर चुकली असती, असं ज्या कामात ठामपणे सांगता येतं, ते मुलाखतीत सोन्यासारखं असतं.

चौथी जागा घर आणि सोसायटी. समजा तुमच्या सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरनं जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून दिली नाही तर सरकारकडून करून घेणं, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स) रखडलं होतं. 1963 च्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स) कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा तर सभासदांचे कागद गोळा करावे लागतात, आणि निम्मे सभासद इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा) शोधायलाच तयार नसतात. तुम्ही दारोदार जाऊन समजावलंत, यादी केलीत, ज्यांचे कागद हरवले त्यांना नक्कल कुठून काढायची ते सांगितलंत, तर ‘पर्सुएशन’च्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर दुसरं नाही.

वहीत प्रत्येक प्रसंगाला एक पान द्या. आठ-दहा पानं झाली की पुरे. एकच प्रसंग दोन-तीन गुणांना चालतो, म्हणून पानाच्या डोक्यावर कोणकोणते गुण दिसतात तेही लिहून ठेवा.

3. प्रसंग चार भागांत मांडा

परिस्थिती, तुमच्यावरचं काम, तुम्ही केलेली कृती, परिणाम. ही स्टार पद्धत (सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट) इंटरनेटवर सगळीकडे सापडते. तिथे न सापडणारी गोष्ट म्हणजे प्रमाण. बहुतेक उमेदवार परिस्थिती सांगण्यातच दोन मिनिटं घालवतात: दावा कशाचा होता, पक्षकार कोण, आधी काय झालं. परिस्थिती आणि काम मिळून तीन-चार वाक्यांत आटपा. निम्म्याहून जास्त वेळ कृतीला द्या. एकूण उत्तर दोन-अडीच मिनिटांचं.

बारकाईबद्दल विचारल्यावर मिळणारं नेहमीचं उत्तर असं असतं: ‘आमच्या ऑफिसला चेक बाउन्सच्या खूप केसेस असायच्या. आम्ही नेहमी डेट्स नीट चेक करायचो. आय अ‍ॅम व्हेरी डिटेल-ओरिएंटेड.’ यात एकही गोष्ट तपासता येत नाही. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हेही कळत नाही.

आता त्याच ऑफिसातलं, त्याच प्रकारचं काम असं सांगून पाहा:

‘मी एका वरिष्ठ वकिलांकडे ज्युनिअर होते. एका लघुउद्योजकाचे तीन चेक परत आले होते आणि नोटिशीचा मसुदा माझ्याकडे आला. अशिलानं तीस दिवस चेकवरच्या तारखेपासून मोजले होते, त्यामुळे त्यातल्या एका चेकची मुदत गेली असं तो धरून चालला होता. चेक बाउन्सच्या कलम 138 खालची नोटिशीची तीस दिवसांची मुदत बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळते तेव्हापासून धरतात, म्हणून मी बँकेचे चेक परतीचे मूळ मेमो मागवले. त्यावरून त्या चेकला अजून चार दिवस शिल्लक होते. दुसरं असं दिसलं की अशिलानं दिलेल्या हिशेबात व्याज मिसळून एकच रक्कम होती. मी त्या चेकची नोटीस वेगळी केली, चेकची रक्कम आणि व्याज वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडलं, सरांना मेमो दाखवून त्याच दुपारी सही घेतली आणि नोटीस स्पीड पोस्टानं पाठवली. बाकीच्या दोन त्याच आठवड्यात गेल्या. तिन्ही मुदतीत गेल्या. त्यानंतर मेमो मिळाल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहायची पद्धत मी ऑफिसात सुरू केली.’

यात ‘मी बारकाईनं काम करते’ असं एकदाही म्हटलेलं नाही, आणि म्हणायची गरजही उरत नाही. शेवटचं वाक्यही पाहा. एकदा केलेली गोष्ट सवयीत उतरली हे त्यातून कळतं, आणि गुण देणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो.

कृती सांगताना ‘आम्ही’ टाळा. आपल्याकडे मोठेपणा नको म्हणून ‘आम्ही केलं’ म्हणायची रीत आहे, आणि ती चांगली आहे. पण इथे गुण एकट्याला द्यायचे असतात. सरांचा निर्णय असेल तर तो सरांचा म्हणून सांगा. त्याआधी तुम्ही काय शोधून पुढ्यात ठेवलंत, ते तुमचं म्हणून सांगा.

4. अशिलाची ओळख बाहेर जाऊ देऊ नका

हा सापळा फक्त आपल्या पेशात आहे आणि यात भलेभले अडकतात. उत्तर रंगात येतं, आणि उमेदवार ‘ते कोथरूडचे अमुक बिल्डर’ असं बोलून जातो. समोरचा हसून ऐकतो आणि मनात फुली मारतो. आज दुसऱ्याच्या अशिलाचं नाव सांगणारा उद्या आमच्या कंपनीचे करार कुठे सांगेल, असाच विचार तो करणार, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 प्रमाणे अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाला त्याच्याशी झालेलं बोलणं उघड करता येत नाही. काम संपल्यावरही हे बंधन राहतं आणि वकिलाच्या कर्मचाऱ्यांनाही ते लागू आहे. नाव, गाव, मालमत्तेचा पत्ता, नेमकी रक्कम सगळं काढून टाका. ‘एक लघुउद्योजक’, ‘एक मोठी सोसायटी’, ‘वाटपाच्या दाव्यातले एक आजोबा’ एवढं पुरतं. पुण्यातलं वकिलांचं वर्तुळ लहान आहे; दोन खुणा जुळल्या की माणूस ओळखू येतो. समोरच्यानं आग्रहानं नाव विचारलंच तर शांतपणे सांगा: ‘ते सांगणं योग्य होणार नाही, पण प्रश्नाचं स्वरूप सांगते.’ काही वेळा तेवढंच पाहण्यासाठी नाव विचारलेलं असतं.

लेखनाचा नमुना म्हणून एखादा मसुदा नेणार असाल तर त्यालाही हाच नियम. पीडीएफमध्ये नावांवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी करता येऊ शकतो. नावं मूळ फाइलमध्येच बदलून नवी पीडीएफ करा, आणि तेही वरिष्ठांना विचारून.

5. उलटतपासाची तयारी

पहिलं उत्तर झालं की खणायला सुरुवात होते. घोकून आणलेलं उत्तर इथे कोसळतं, खरं उत्तर टिकतं. वहीतल्या प्रत्येक पानावर संभाव्य उपप्रश्न लिहून काढा. वरच्या चेकच्या प्रसंगावर मी स्वतः हे विचारीन: चार दिवस उरलेत हे सरांना तुम्ही केव्हा आणि कसं सांगितलंत? मेमो हरवला असता तर काय केलं असतंत? चेक पुन्हा बँकेत टाकायचा पर्याय होता का? चेकची वैधता तीन महिन्यांची असते आणि त्या काळात तो पुन्हा सादर करता येतो, तेव्हा हा पर्याय सुचला होता का, आणि सुचला असेल तर का सोडला, हे सांगता आलं पाहिजे. ते सांगता आलं की समोरच्याची खात्री पटते की फाइल खरोखर तुमच्या हातात होती.

सराव मोठ्यानं करा, आणि वकील नसलेल्या माणसासमोर करा. आईला किंवा खोलीतल्या इंजिनिअर मित्राला प्रसंग कळला नाही, तर एचआरलाही कळणार नाही. पहिल्या फेरीत बहुधा एचआरच असतं.

6. हमखास येणारे काही प्रश्न

*एकाच वेळी अनेक कामं.* कोर्टातून येणाऱ्यांकडे याचा साठा असतो. दोन कोर्टांच्या बोर्डावर (सुनावणीच्या यादीत) एकाच वेळी प्रकरण, हे उदाहरण घ्या, पण धावपळीचं वर्णन नको. आधी कुठे जायचं हे कशावरून ठरवलंत ते सांगा. एका ठिकाणी अंतरिम मनाई हुकुमावर सुनावणी होती आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती पुढची तारीख घ्यायची होती, म्हणून दुसरीकडे सहकाऱ्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलंत, असं काहीतरी. शब्द ‘आदल्या संध्याकाळी’ हा महत्त्वाचा.

*नैतिक पेच.* हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतो आणि ‘मी ठाम नकार दिला’ एवढंच उत्तर अपुरं पडतं. कायद्याच्या माणसाकडून नकाराबरोबर वैध वाटही अपेक्षित असते. उदाहरणार्थ, अशील म्हणतो की करार मागच्या तारखेचा करून द्या. तारीख मागची घालता येणार नाही हे तर सांगायचंच. पण दोघांमधलं काम खरोखर तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं असेल, तर करारावर सहीची आजचीच तारीख ठेवून, व्यवहार अमुक दिवसापासून अमलात आहे असं मजकुरात उघडपणे नमूद करता येतं. हे तुम्ही सुचवलंत, वरिष्ठांच्या कानावर घातलंत आणि अशिलाला पटवलंत, तर उत्तर पूर्ण होतं. वरिष्ठांनीच काही गैर सांगितल्याचा प्रसंग असेल, तर तो त्यांची बदनामी न करता सांगा. जुन्या ऑफिसाबद्दल कडवट बोलणाऱ्याला कोणी घेत नाही.

*व्यवसायाचं भान.* कंपनीसाठी अर्ज असेल तर हा नक्की येतो. मार्चअखेरीला सेल्सवाले करारावर आजच सही हवी म्हणून मागे लागतात, आणि नुकसानभरपाईच्या जबाबदारीच्या कलमात रकमेची मर्यादाच घातलेली नसते. अशा वेळी ‘नाही’ म्हणणारा वकील त्यांना नको असतो, आणि डोळे मिटून ‘हो’ म्हणणाराही नको असतो. नवख्याकडे असा प्रसंग नसेल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारात दोन्ही बाजूंना चालेल असा मधला मार्ग काढल्याचं उदाहरणही चालतं.

*सहकाऱ्याशी मतभेद.* मूटच्या टीममधलं भांडण चालेल. शेवट ‘मग त्याला माझं पटलं’ असाच हवा असं नाही.

*चूक झाल्याचा प्रसंग.* खरी पण आटोक्यातली चूक सांगा. ती कळल्यावर किती लवकर वरिष्ठांना सांगितलीत, यावर सगळं मोजलं जातं.

7. भाषेची भीती

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी हे खास लिहिते. मुलाखत बहुधा इंग्रजीत होईल. पण प्रसंग आधी मराठीतच नीट बांधा: कोण, काय, मी काय केलं, काय झालं. नंतर तो छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगायचा सराव करा. गुण प्रसंगाला आणि विचाराला आहेत, वाक्य थोडं अडखळलं तर चालतं. शिवाय सातबारा, फेरफार, खरेदीखत न अडखळता वाचता येणं ही पुण्यात जमिनीचं काम करणाऱ्या प्रत्येक ऑफिसची गरज आहे. बायोडाटात ते ठळकपणे लिहा आणि त्याचाही एक प्रसंग तयार ठेवा.

8. सोबत काय न्यायचं

- बायोडाटाच्या तीन प्रती, शक्यतो दोन पानांत
- एलएलबीच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र
- बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद (वकिलीचा परवाना), आणि ऑल इंडिया बार एक्झामिनेशन झाली असेल तर तिचं प्रमाणपत्र
- इंटर्नशिपची आणि वरिष्ठांकडच्या कामाची पत्रं
- नावं काढलेला एक मसुदा
- जाहिरातीची प्रत, गुण अधोरेखित केलेली
- आधार आणि पॅन, फाटकावरच्या नोंदीसाठीसुद्धा लागतात

प्रसंगांची वही घरी ठेवा. दाराबाहेर बसून ती चाळली की उत्तरं पाठ केल्यासारखी येतात. कोर्टातून थेट जाणार असाल तर बँड आणि कोट बॅगेत ठेवा. खराडीला जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकावरून रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा हे बसपेक्षा भरवशाचं आहे. हिंजवडीला सकाळची वेळ मिळाली तर ट्रॅफिकसाठी भरपूर वेळ हाताशी ठेवून निघा. मुलाखत व्हिडिओ कॉलवर असेल तर मागे फाइलींचे गठ्ठे दिसू देऊ नका. त्यांवर पक्षकारांची नावं असतात.

9. सनदेचा प्रश्न आधीच सोडवून ठेवा

हे कोणी सांगत नाही आणि शेवटच्या फेरीत हात चोळत बसण्याची वेळ येते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे वकिली चालू ठेवून कुणाची पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीत रुजू होणार असाल तर बार कौन्सिलला कळवून वकिली स्थगित करावी लागते. ‘त्याची तयारी आहे का?’ असं विचारतात. ‘बघू’ म्हणू नका. घरच्यांशी, वरिष्ठांशी बोलून ठरवून जा. लॉ फर्ममध्ये तुमची नेमणूक कोणत्या स्वरूपाची असेल, तेही तिथेच विचारून घ्या.

नोकरी पक्की झाली की वरिष्ठांना स्वतः भेटून सांगा, फोनवर नको. ज्या प्रकरणांत वकीलपत्रावर तुमचं नाव आहे त्यांची यादी करा. पुढची तारीख, कोणत्या कोर्टात, काय दाखल करायचं राहिलंय आणि मूळ कागद कुठे आहेत, एवढं प्रत्येकापुढे लिहून ती त्यांच्या हातात द्या आणि एक प्रत नव्या ज्युनिअरला समजावून सांगा.